अकरावी पायरी

चढताना सगळेच वाघ असतात. माणूस कळतो तो उतरताना. हे मी कुठल्या पोथीत वाचलेलं नाही, जामबागेतल्या माझ्या ऑफिसच्या जिन्यानं शिकवलं. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान, आणि मधे सतरा पायऱ्यांचा अंधारा, कठडा नसलेला दगडी जिना. त्यातली वरून अकरावी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं जास्त खोल. बांधताना गवंड्याचं लक्ष कुठे होतं देव जाणे, पण त्याच्या त्या चुकीवर माझा धंदा वीस वर्षं चालला.

धंदा काय, ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही तो अजून कळलेला नाही. मी लोकांना घळी उतरवत असे. डोंगरातून ओढा खाली येताना दगड कापत येतो, त्याची अरुंद घळ होते. त्या घळीत वरून शिरायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. कुठे चालत, कुठे पोहत, कुठे गुळगुळीत दगडावरून घसरत, आणि धबधबा आला की दोराला लटकून. याला कॅन्यनिंग म्हणतात. डोंगर चढणाऱ्याला दम लागला तर तो मागे फिरू शकतो. घळीत तसं नाही. पहिला धबधबा सगळे उतरले की आम्ही दोर खाली ओढून घेतो, कारण तोच पुढच्या धबधब्याला लागणार असतो. दोर खाली आला की मागची वाट संपली. मग रडा, भांडा, नवस बोला, बाहेर पडायचं ते खालच्या तोंडानंच. म्हणून घळ निवडायची ती वर, कोरड्या जमिनीवर, चहा पिताना. आत शिरल्यावर निवडायला काही उरत नाही.

मी मूळचा सरकारी कारखान्यातला फिटर. बाजार खुला झाला, कारखान्याला घरघर लागली, आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा किती होती ते विचारू नका. तोवर सुट्टीच्या दिवशी डोंगर हिंडायची सवय होतीच. तिकडे शहराच्या कडेला माधापूरच्या खडकांवर काचेची ऑफिसं उभी राहत होती, आणि त्यांतल्या पोरापोरींना शनिवार-रविवारी काय करावं ते सुचत नव्हतं. मी दोर विकत घेतले आणि अंबरपेठेतल्या यादगिरीला गाठलं. यादगिरी विहिरीत उतरून पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. पाण्याचा रंग बघून खोली सांगणारा माणूस. बोलायला कमी, आणि जे बोलेल ते ऐकावं असं. हे मी नेहमी ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमच्याकडे तीन घळी होत्या, तिन्ही आदिलाबादच्या बाजूच्या जंगलात. नावं आम्हीच ठेवली. पहिली 'मामा'. मामाच्या घरासारखी, लाड करणारी. पाणी कमरेच्या वर नाही, दोन छोट्या घसरगुंड्या, कंटाळा आला की कुठूनही बाहेर पडता येतं. दुसरी 'सासू'. पाच धबधबे, गार पाणी, पोहणं जरुरीचं. पण सासूलाही कधीतरी दया येते, तशी दुसऱ्या धबधब्यानंतर डाव्या हाताला झाडीतून एक पायवाट निघते. तिसरी 'कोर्ट'. एकदा पाय ठेवला की निकाल लागेपर्यंत सुटका नाही. सकाळी शिरलेला माणूस संध्याकाळी बाहेर.

येणारा प्रत्येक जण कोर्टच मागे. "आमची सगळी टीम फिट आहे हो," म्हणणारे साहेब मी इतके पाहिले की ते वाक्य ऐकलं की मी चहा मागवून टाकत असे. पोहता येतं का, असं मी कधी विचारत नसे, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारत असे, "शेवटचं कधी पोहलात? कुठे? आणि पाय तळाला टेकत होते का?" तिसऱ्या प्रश्नाला निम्मे गळत. उरलेल्यांसाठी जिना होता. चहा झाला की मी आधी खाली जाऊन दुकानाच्या दारात उभा राहायचो आणि एकेकाला उतरून यायला सांगायचो. अकराव्या पायरीवर प्रत्येकाचा पाय चुकतो. कोण दचकून मागच्याचा खांदा धरतो, कोण हसून वेळ मारून नेतो, कोण आधीच पायानं चाचपतो, कोण इतका बडबडत असतो की त्याला चुकल्याचंही कळत नाही. शेवटचा सगळ्यात धोक्याचा. टोळीची ताकद तिच्यातल्या पहिलवानावर मोजायची नसते. जो सगळ्यात कच्चा, त्याच्या मापाची घळ, हा आमचा नियम. त्याला अपवाद नाही, असं मी मिशीवर ताव देऊन सांगत असे.

एकदा मलकपेठेच्या रेसकोर्सवरचे सहा घोडेस्वार आले. अंगानं काटकुळे, पण जिना असे उतरले जणू त्यांना त्या पायरीची पत्रिका ठाऊक होती. घोड्यावरून पडून पडून त्यांना पडण्याची भीतीच राहिली नव्हती. मी खूश होऊन कोर्ट द्यायच्या बेतात होतो. मग तिसरा प्रश्न विचारला. त्यांच्यातला म्होरक्या शांतपणे म्हणाला, "पानी में तो हमारे में कोई गयाच नै, भाई. घोड़े कू नहलाते, बस." त्यांना मामात नेलं. कमरभर पाण्यात ते सहाही जण एकमेकांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि खडकावरून मात्र माकडासारखे पळत सुटले. जाताना म्होरक्या म्हणाला, "भाई, अच्छा हुआ तुम पूछे." असं प्रमाणपत्र मला कुठल्या काचेच्या ऑफिसानं दिलं नाही.

तर अशी माझी परीक्षा, आणि तिचा मला चांगलाच गर्व. आता ती मी कुणाची घेतली नाही, ते सांगतो.

एका वर्षी दिवाळीनंतर माधापूरच्या एका कंपनीतले आठ जण आले. त्यांची पुढारी वंदना हदगावकर. आडनाव ऐकलं आणि मी खुर्चीवरून उठलोच. ती माझ्या सरांची मुलगी निघाली. आमच्या जामबागेच्या शाळेत हदगावकर सर खेळ शिकवत. मल्लखांब मी त्यांच्याकडे शिकलो. दोर हातात कसा धरायचा, अंगाचा भार पायावर कसा सोडायचा, भीती वाटली की श्वास आधी सोडायचा, मग घ्यायचा, हे सगळं त्यांचं. मी घळीत जे काही खातो-कमावतो ते त्यांच्या शिकवणीवर, असं म्हटलं तरी चालेल. वंदनाच्या आठही जणांना मी जिना उतरवला. सगळे ठीक. सासू पक्की केली. निघताना वंदना म्हणाली, "माणिकदादा, बाबापण येतो म्हणतात. चलेल ना?"

"चलेल म्हणजे काय!" मी म्हणालो. "सर येणार असतील तर घळीनं त्यांच्या पाया पडायला हवं."

दोन दिवसांनी सर आले. रिक्षा थांबलेली मी वरूनच पाहिली आणि सरांनी पायरीवर पाय ठेवायच्या आत धावत खाली गेलो. सरांना जिना चढायला लावायचा? आणि वर परीक्षा घ्यायची? ज्यांनी मला उतरायला शिकवलं त्यांना मी सांगणार, उतरा बघू म्हणून? आपल्याकडे मास्तरांची परीक्षा कुणी घेत नाही. मी रस्त्यातच पाया पडलो आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे घेऊन गेलो. पासष्टीचा माणूस, पण पाठ मल्लखांबाच्या खांबासारखी सरळ. रस्ता ओलांडताना सरांनी माझा खांदा धरला. मला भरून आलं. शाळेत असताना त्या हातानं फक्त कान धरला होता.

यादगिरी आमच्यासमोर बसून चहा पीत होता. सर गेल्यावर तो म्हणाला, "भाई, सर कप कू हात लगाने से पैले टेबल पे ढूंढ रै थे. देखे क्या तुम?"

"उमर है उनकी," मी म्हणालो.

"उमर नै भाई. सासू में नक्को. मामा में लेके जाव."

"वो मेरे मास्टर है, यादगिरी. मेरे कू रस्सी पकड़ना वो सिखाए."

यादगिरीनं बशी उलटी करून कप तिच्यावर ठेवला. म्हणजे त्याचं बोलणं संपलं.

सासूचा पहिला धबधबा उघड्यावर आहे, लख्ख उन्हात. सर तो असे उतरले की वंदनाची सगळी पोरं टाळ्या पिटायला लागली. खाली आल्यावर सरांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, शाळेत उडी जमली की हलवत तशी. मी मागून उतरलो आणि दोर ओढून घेतला. इतक्या समाधानानं मी तो कधी ओढला नसेल.

दुसऱ्या धबधब्याशी घळ आवळते. दोन्ही बाजूंना काळा, ओला कातळ, वर आभाळाची एक चिंधी. पस्तीस फूट उतार, आणि निम्म्यात डावीकडे वीतभर पायरी. तिच्यावर पाय टेकवून उजवीकडच्या पाण्याच्या धारेपासून बाजूला व्हायचं असतं. यादगिरी पहिला उतरला. त्याच्यामागून वंदना आणि तिची माणसं. वर मी आणि सर. सर दोरावर गेले, पंधरा फूट उतरले आणि थांबले.

"सर, डाव्या पायाला पायरी आहे," मी ओरडलो.

"कुठे?"

"तुमच्या गुडघ्याखाली. दिसतेय बघा."

सरांनी डावा पाय खाली सोडला. त्यांचा पाय हवेत फिरत होता, कप शोधणाऱ्या हातासारखा. मग तो घसरला, सर उजवीकडे झोकांडले आणि धार थेट त्यांच्या खांद्यावर आली.

तेव्हा शेवटचा माणूस उरेपर्यंत आम्ही दोर वर झाडाला पक्का बांधून ठेवत असू; शेवटच्यानं तो सोडून झाडाभोवती दुहेरी ओवायचा, उतरायचं आणि खाली ओढायचा. अडकलेल्या माणसाला वरूनच सैल सोडता येईल असा बांधायची पद्धत मी नंतर शिकलो, आणि ती का शिकलो ते तुम्हाला कळलंच असेल. गार पाण्याच्या धारेखाली लटकलेल्या माणसाची बोटं काही मिनिटांत बधिर होतात. तोंडावर पाणी आलं तर श्वासही घेता येत नाही. मी पिशवीतला जादा दोर त्याच झाडाला बांधला आणि सरांच्या शेजारी उतरलो. खालून वंदनाची "बाबा, बाबा" अशी हाक येत होती. मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही. कारखाना बंद पडला तेव्हाही नाही.

"सर, पायरी तुमच्या डावीकडे आहे. बघा."

"नाही दिसत, माणिक," सर म्हणाले. त्यांचे ओठ निळे पडले होते. "काचबिंदू आहे. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. अंधारात तेही नाही. वंदूला सांगितलेलं नाही."

"मग आलात कशाला, सर?"

"जायच्या आधी एकदा बघायचं होतं. डोळे जायच्या आधी. तू काय करतोस ते."

मला राग आला. सरांचा नाही, माझा. सतरा पायऱ्या. सरांना सतरा पायऱ्या चढू-उतरू दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती.

मी त्यांचं मनगट धरून ओढून पाहिलं. ते हलेनात. पकड इतकी घट्ट की दोर सुटेना. घाबरलेला माणूस दोर आवळतो आणि आवळलेला दोर खाली जाऊ देत नाही. आणि मग मला शाळेचं मैदान आठवलं. सहामाही झाली की सर आमच्या डोळ्यांवर रुमाल बांधून मल्लखांबावर चढवत. "डोळे नुसते चुगल्या करतात," म्हणत. "पकड पायाची असते." कुणी वर घाबरला की खालून त्यांचा आवाज यायचा, चाबकासारखा.

त्याच आवाजात मी ओरडलो. सरांना, माझ्या सरांना, एकेरीत.

"डोळे मीट!"

सरांनी डोळे मिटले.

"श्वास सोड! आधी सोड! टाच लाव. गुडघा सैल. डावा पाय खाली... अजून... चाचप. घोटा वळव. टेकला?"

"टेकला," सर म्हणाले.

"भार दे. आता मूठ सैल. एक बोट. अजून एक."

सर डावीकडे सरकले. धार त्यांच्या खांद्यावरून सुटली. पुढचे वीस फूट ते डोळे मिटून उतरले, माझ्या प्रत्येक शब्दावर पाय टाकत, वर्गातल्या सगळ्यात शहाण्या विद्यार्थ्यासारखे. खाली यादगिरीनं त्यांना छातीशी धरलं आणि पाण्यातून उचलूनच काठावर नेलं.

सासूची दया कामी आली. सगळी टोळी डावीकडच्या पायवाटेनं बाहेर पडली. उरलेले तीन धबधबे कुणी मागितले नाहीत. सर यादगिरीच्या खांद्यावर हात ठेवून सागाच्या झाडीतून चालत होते. या वेळी तो हात कशासाठी आहे ते मला कळत होतं. वंदना माझ्या शेजारी आली.

"दादा, माझ्या पूर्ण टीमला तुम्ही जिना उतरवला," ती म्हणाली. "बाबांना कैकू नाही?"

"सर आहेत ते माझे."

"सर आहेत म्हणून तर चेक करायचं ना! रिस्पेक्ट काय करायचा, बाबा गेले असते तर?"

आदर दाखवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे समोरच्याला काही न विचारणं, आणि मी तोच धरला होता. यादगिरी कप बघून जे ओळखू शकला ते मी पाया पडल्यामुळे पाहू शकलो नाही. पाया पडणारा माणूस खाली बघत असतो.

पुढचे आठ दिवस मी ऑफिस उघडून नुसता बसत होतो. आलेल्या दोन टोळ्यांना परत पाठवलं. स्वतःच्या नियमाला मीच अपवाद केला होता, मग दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? धंदा बंद करावा असंही मनात येत होतं.

नवव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक. दारात सर. मी धडपडत उठलो तेव्हा ते वर पोचलेले होते.

"सर, खालून हाक मारायची, मी आलो..."

"गप बस," सर म्हणाले. खुर्चीत बसले, दम घेतला, पाणी प्याले. मग म्हणाले, "लोकांना म्हणे तू तीन प्रश्न विचारतोस. विचार."

मी विचारले. शेवटचं कधी पोहलात, कुठे, पाय टेकत होते का. सरांनी एकेक उत्तर खरं दिलं. मग उठले.

"आता खाली जा. उभा राहा नेहमीच्या जागी. मी उतरतो."

मी दुकानाच्या दारात उभा राहिलो. सर भिंतीला हात लावून उतरू लागले. प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपायची, मग भार द्यायचा. अकराव्या पायरीवर त्यांचा पाय हवेत गेला, थांबला, चार बोटं खाली गेला आणि टेकला. वह्या घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं हा काय प्रकार म्हणून बघत उभी राहिली. मी डोळे पुसले नाहीत, कारण नजर हलवायची नव्हती. परीक्षा म्हणजे परीक्षा.

सर खाली आले. "बोल. कुठली घळ?"

"मामा, सर. तीही कुणीतरी हात धरून."

"बरोबर," सर म्हणाले, आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस नेहमीच्या वेळी उघडलं. त्याच थंडीत सर मामात आले. वंदनानं हात धरला होता. सर कमरभर पाण्यात म्हशीसारखे बसून राहिले आणि दुपारपर्यंत उठायला तयार होईनात. नंतरची तीन वर्षं ते दर थंडीत येत राहिले, आणि दर वेळी आधी जिना उतरून दाखवत. त्यानंतर मी कुणालाही सोडलं नाही. पुढारी असो, डॉक्टर असो, व्याही असो, जिना सगळ्यांना सारखा. माझ्या हातून कुणी घळीत राहिलं नाही, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. पण त्यात यादगिरीचा आणि सरांचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे, हेही त्याच छातीवर हात ठेवून सांगायला हवं.

सर आता नाहीत. यादगिरी नातवंडांना मुशी नदीच्या जुन्या गोष्टी सांगत बसतो. वंदनानं पुढे नोकरी सोडली आणि माझं काम हातात घेतलं. सहा वर्षं झाली. आता तिची नावनोंदणी कॉम्प्युटरवर होते, दोर रंगीत आले आहेत आणि ते वरून सैल सोडता येतील असेच बांधतात. तिला मराठी वाचताना अडखळायला होतं, तेव्हा हा लेखही मलाच वाचून दाखवावा लागणार. पण चहा आणि जिना तिनं सोडलेला नाही.

गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "वंदू, एकदा शेवटचं कोर्ट करून येतो तुमच्याबरोबर. मला कुणी सांभाळायची गरज नाही. ती घळ मीच शोधलीय."

"हौ दादा," ती म्हणाली. चहा दिला. तीन प्रश्न विचारले. मग खाली जाऊन दुकानाच्या दारात उभी राहिली.

मी उतरायला लागलो. वीस वर्षं त्या जिन्यानं वर-खाली केलेली, अकरावी पायरी मला झोपेतही सापडेल. डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. नववी. दहावी. अकराव्या पायरीवर माझा हात आपोआप भिंतीला गेला. मी तो झटकन काढून घेतला. वर पाहत असलेल्या वंदनानं नजर हलवली नव्हती.

खाली आलो. "बोल," मी म्हणालो. "कुठली घळ?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलताना आवाज हलला नाही.

"मामा," ती म्हणाली. "आणि हात मी धरणार."

मला क्षणभर भांडावंसं वाटलं. मग मान हलवली.

"बरोबर."